घरातली कावीळ

माझ्या डोळ्यांकडे बघून माणसं बोलता बोलता थांबतात, हे मला फार लहानपणी कळलं. मान किंचित कलती करायची, माझ्या बुबुळाच्या कडेला बारीक नजरेने पाहायचं आणि मग माझ्याशी नाही, आयशी बोलायचं. "पोरीचे डोळे पिवळे दिसतात गो." मग आय हातातलं काम टाकायची, मला ओढत अंगणात न्यायची, उजेडाकडे तोंड करून उभी करायची आणि अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून बघायची. बाजारात माशाचा कल्ला उचलून तो ताजा की शिळा हे ती ज्या नजरेने ठरवायची, तीच ही नजर. निकाल दर वेळी एकच असायचा. "आली परत," ती म्हणायची. कोण आली, हे विचारावं लागायचं नाही. कावीळ आमच्याकडे माहेरवाशिणीसारखी यायची, आठ-दहा दिवस राहायची आणि आपण होऊन निघून जायची. पण तिच्या जाण्याचं श्रेय आयच्या पथ्याला मिळायचं.

आम्ही तुडीलच्या बौद्धवाडीत राहायचो. सावित्रीच्या भरतीचं पाणी वाडीच्या खालच्या बांधापर्यंत यायचं आणि ओहोटी लागली की चिखलात चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं उघडी पडायची. घरात आम्ही दोघीच. बाबा पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीवर प्राथमिक शिक्षक होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते पोलादपूरपर्यंत चालत यायचे, तिथून एसटीने महाड, महाडहून तुडील, असे करत संध्याकाळी घरी पोचायचे आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायचे. त्यामुळे आठवड्यातले साडेपाच दिवस घरात आयचं राज्य असायचं आणि उरलेला दीड दिवस विज्ञानाचा. बाबा कडक बुद्धिवादी होते. अंगारा, ताईत, उतारा हे शब्दसुद्धा त्यांना घरात चालत नसत. शेजारच्या काशीकाकूंनी एकदा माझ्या दंडाला काळा दोरा बांधला, तर बाबांनी तो कात्रीने कापला आणि काकूंना बसवून घेऊन संसर्ग म्हणजे काय यावर तासभर सांगितलं. काकू जाताना आयला म्हणाल्या, "दोऱ्यापेक्षा ह्यानीच डोका जड झाला गो माझा." आय बाबांच्या प्रत्येक वाक्याला "हां" म्हणायची. तिचा "हां" म्हणजे होकार नसून नुसतं ऐकू आल्याची पोच असते, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आयच्या हाताला फार चव होती. वालाचं बिरडं, खाडीतली कोळंबी, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं. लसूण ठेचून तेलात पडला की त्याचा आवाज वाटेवरून जाणाऱ्यालाही थांबवायचा. पण माझे डोळे पिवळे झाले की हा सगळा कारभार बंद. तेल नाही, हळद नाही, मासे नाहीत. हळदीचं तिचं कारण अगदी सरळ होतं. "आधीच पोर पिवळी, त्यात आनखी पिवळा कशाला घालायचा?" मग पांढऱ्या अन्नाचे दिवस सुरू व्हायचे. पेज, ताक, उकडलेला मुळा, मिळाला तर उसाचा रस. तेही बेताचं, कारण पोटभर जेवण आणि पथ्य या दोन गोष्टी तिच्या मते एकत्र नांदू शकत नव्हत्या. दोन वेगळे स्वयंपाक करणं परवडत नसल्याने तीही तेच खायची, आणि शनिवारी डोंगर उतरून आलेल्या बाबांच्या ताटातही तेच पडायचं. बाबा ताटाकडे बघायचे, माझ्या डोळ्यांकडे बघायचे आणि मुकाट्याने मुळा खायचे. पथ्य म्हणजे अंधश्रद्धा की आहारशास्त्र, हे त्यांचं ठरलेलं नसावं. मी मात्र काशीकाकूंच्या कुडाला पाठ लावून अभ्यासाला बसायचे. पलीकडे सुकट भाजली जायची आणि अलीकडे मी भूगोल पाठ करायचे. सह्याद्रीच्या नद्यांना आजही माझ्या मनात सुकटीचा वास आहे.

डोळे कधी पिवळे व्हायचे याला एक क्रम होता, पण तो आमच्यातल्या कोणाच्याच लक्षात आला नाही. ताप येऊन गेला की व्हायचे. परीक्षेच्या दिवसांत व्हायचे, कारण भीतीने मला घास उतरायचा नाही. आणि वर्षावासात हमखास व्हायचे. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत पौर्णिमेला आय अष्टशील घ्यायची, विहारात वंदनेला बसायची आणि दुपारनंतर काही खायची नाही. मी मोठी झाल्यावर तिच्याबरोबर उपवास धरू लागले, आणि नव्या उत्साहात दुपारचंही सोडायचे. दुसऱ्या दिवशी "आली परत". विज्ञान शिकवणारा माणूस घरात होता, पण तो पौर्णिमेला डोंगरावर असायचा.

आता दरवर्षी मुलगा माझी रक्ततपासणी करवतो. अहवालात सगळे आकडे निमूट असतात, एकच बिलिरुबिन ठळक काळ्या अक्षरात, पुढे वर जाणारा बाण. लॅबमधली मुलगी काळजीने फोन करते. "आजी, लगेच डॉक्टरांना दाखवा." मी म्हणते, "दाखवलंय." ती विचारते, "कधी?" मी म्हणते, "तुझ्या जन्माच्या आधी." मग ती फोन माझ्या मुलाला द्यायला सांगते.

तर ज्या पावसाळ्याची ही गोष्ट, त्यात माझा डी.एड.ला नंबर लागला. वाडीतून मास्तरीण व्हायला निघालेली मी पहिलीच. आयने वाडीभर साखर वाटली, बाबांनी मला स्वतःचं फाउंटन पेन दिलं. प्रवेश पक्का व्हायला आता एकच कागद उरला होता, प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला. तो द्यायला नेमलेले डॉक्टर मंगळवारी भेटायचे आणि सोमवारी पौर्णिमा होती. नंबर लागल्याच्या आनंदात मी दिवसभर पाण्यावर काढला. मंगळवारी सकाळी तपासणीच्या भीतीने चहाही घेतला नाही. बाबा मुद्दाम रजा काढून आले होते, आयही बरोबर होती. डॉक्टरांनी माझी उंची मोजली, वजन केलं, छातीला नळी लावली, आणि दाखल्यावर सही करायला पेन उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर गेली. पेनाला टोपण लागलं.

"कावीळ आहे," ते म्हणाले. "वसतिगृहात शंभर मुली राहतात. अशी मुलगी मी पाठवू शकत नाही. डोळे साफ झाले की आणा."

"तिला अधूनमधून होतात असे," आय म्हणाली.

"मग तर मुळीच नाही," डॉक्टर म्हणाले.

प्रवेशाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. मी बाबांकडे पाहिलं. सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी महाडपासून दासगावपर्यंत वाद घालणारा हा माणूस. पण त्यांनी एक शब्द काढला नाही. कोरा दाखला घडी करून खिशात ठेवला आणि "नमस्कार" म्हणून बाहेर पडले. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटली असेल.

त्या दिवसापासून आयने कंबर कसली. डोळे साफ करायचे, आणि मुदतीच्या आत. पेज निम्मी झाली. ताकातलं लोणी तर केव्हाच गेलं होतं, आता ताकातलं ताकही गेल्यासारखं लागायचं. माझी बातमी वाडीत पसरली आणि प्रत्येक घरातून मुळे येऊ लागले. परसातले, बाजारातले, एकीने तर भावाकडून दुसऱ्या गावाहून मागवलेले. दाराशी मुळ्यांची रास बघून नवखा माणूस आम्हाला भाजीवाले समजला असता. रोज सकाळी अंगणात माझी पापणी ओढली जायची आणि बघायला आता चार बायका असायच्या. एक म्हणायची उतरलं, दुसरी म्हणायची वाढलं. मी दिवसेंदिवस गळत चालले होते आणि डोळे मुळ्याला न जुमानता पिवळेच होते.

शेवटी आय एका शुक्रवारी संध्याकाळी म्हणाली, "उद्या पोलादपूरला जाऊ. धाकूदादाकडं."

धाकूदादा कावीळ उतरवायचे. पोलादपूर स्टँडपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर त्यांचं घर होतं आणि औषध फक्त शनिवारी, उपाशीपोटी, दुपारच्या आत. अडचण एवढीच की तीच वाट पुढे बाबांच्या शाळेकडे जायची.

"बाबांनी बघितलं तर?" मी विचारलं.

"पयल्या गाडीनं गेलो तर बाबा वर्गात असतानाच आपून परत," आय म्हणाली. "आनि ह्यो काय मंतर नाय. झाडपाला हाय."

आयचा हिशेब बरोबर होता, पण धाकूदादांकडची गर्दी त्यात धरलेली नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या ओटीवर वीसेक माणसं भिंतीला टेकून रांगेत बसली होती, सगळी कमी-अधिक पिवळी. धाकूदादा साठीचे, बारीक, अंगात बंडी, आणि चेहऱ्यावर कोणत्याच गोष्टीची घाई नाही. ते प्रत्येकाच्या नाकपुडीत कसल्याशा कडू फळाच्या पाण्याचे थेंब सोडायचे. माणूस एकदम ताठ व्हायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि मग त्याच्या नाकातून तासभर पिवळं पाणी गळत राहायचं. हीच कावीळ, असं सगळे मानायचे. (हा उपाय कोणी करू नये. पुढे मी एका शाळेत असताना तिथल्या शिपायाचं नाक असल्याच औषधाने दोन दिवस रक्त गाळत होतं.) त्यानंतर हात धुण्याचा विधी. आधी मनगटापासून कोपरापर्यंत सालीचा रस चोळायचा, मग परातीतल्या चुन्याच्या निवळीने, म्हणजे चुना तळाशी बसल्यावर उरलेल्या पाण्याने, हात धुवायचे. निवळी स्वच्छ असायची आणि हातावरून उतरताना पिवळीधमक व्हायची.

माझ्या नाकात थेंब पडले तेव्हा मेंदूत कोणी मिरची वाटतंय असं वाटलं. मी नाक ओढत, शिंकत परातीपाशी बसले. माझे हात धुतले आणि परातीतलं पाणी असं काही पिवळं झालं की ओटीवरच्या बायका "आई गं" म्हणाल्या. आयने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. आणि त्याच वेळी वाटेवरून छत्री मिटत बाबा आले.

त्यांनी आधी मला पाहिलं, मग आयला, मग परातीला. आय उठून उभी राहिली आणि पदर सारखा करत म्हणाली, "झाडपाला हाय."

बाबा ओरडले नाहीत. चपला काढून ओटीवर आले आणि वर्गात बोलतात त्या आवाजात धाकूदादांना विचारलं, "ही साल कशाची?"

"आंब्याची, गुरुजी."

"ती लावल्याशिवाय पाणी पिवळं होतं?"

"ती लावल्याबिगर कावीळ निघायची कशी?"

"बरं. मग माझ्या हाताला लावा. मला कावीळ नाही." बाबांनी सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि रांगेकडे वळून म्हणाले, "सगळ्यांनी नीट बघा. निरोगी माणसाच्या हातानेही पाणी पिवळंच होणार. कारण पिवळा रंग सालीचा आणि चुन्याचा आहे, रोगाचा नाही."

धाकूदादांनी नवी निवळी ओतली आणि बाबांच्या हातांना तेवढ्याच मायेने साल चोळली. पाणी पिवळं झालं. बाबांनी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. मग धाकूदादा हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुमाला बी हाय."

रांगेतल्या माणसांनी माना डोलावल्या. एक म्हातारी म्हणाली, "मास्तराचा चेहरा बगूनच मला वाटलंवता." बाबा हरले नाहीत. बापाला घेऊन आलेला एक धट्टाकट्टा तरुण कोपऱ्यात उभा होता, त्याला त्यांनी हात धरून परातीपाशी आणलं. त्याचंही पाणी पिवळं झालं. तो पांढराफटक पडला आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन बसला. ते बघून असाच सोबतीला आलेल्या आणखी एकाने स्वतःच हात पुढे केले. बाबांच्या प्रात्यक्षिकातून धाकूदादांना दोन नवे रोगी मिळाले, आणि आम्ही तिघं स्टँडच्या वाटेला लागलो. वाटभर माझं नाक वाहत होतं.

स्टँडवर आल्यावर बाबा आयला म्हणाले, "मला सांगितलं असतंस, तर आपण डॉक्टरकडे गेलो असतो."

"डॉक्टरनी तर कागूद दिला नाय," आय म्हणाली. "तुमी तितं काय बोललात? ह्या पोरीचा वरीस जायल म्हनून मी धावते हाय, आनि तुमी धाकूला शिकवायला बसलात."

महाडला उतरल्यावर बाबा तुडीलच्या गाडीकडे गेले नाहीत. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सामंतबाईंनी नवा दवाखाना काढला होता, तिथे आम्हाला घेऊन गेले.

डॉक्टर सामंत तिशीच्या होत्या, मुंबईत शिकून आलेल्या, आणि त्यांना प्रश्न विचारायची फार हौस. लघवी गडद होते का? अंगाला खाज? पोटात उजवीकडे दुखतं? उलट्या? हिवतापाच्या किंवा कसल्या गोळ्या चालू आहेत? मी प्रत्येकाला नाही म्हणत होते आणि बाबा प्रश्न-उत्तरं दोन्ही वहीत उतरवून घेत होते. बाईंनी माझं पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं आणि सोमवारी यायला सांगितलं. बाबांनी पुन्हा रजा काढली.

सोमवारी बाईंनी कागद समोर ठेवला. "रक्तात बिलिरुबिन थोडं वाढलंय. थोडंच. याला कारणं बरीच असतात. यकृताला सूज आली तर वाढतं, ती आपली नेहमीची कावीळ. पण हिच्या यकृताच्या बाकीच्या तपासण्या चांगल्या आहेत. पित्ताच्या वाटेत खडा अडकला तर वाढतं, पण तेव्हा पिवळेपणाची जात वेगळी असते. रक्तातल्या तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तरी वाढतं, हिवतापात होतं तसं. पण हिचं रक्त भरपूर आहे, पेशी चांगल्या आहेत." मग त्या आयकडे वळल्या. "ही जेवते काय?"

आय याच प्रश्नाची वाट बघत होती. तिने पदर सावरून पेज सांगितली, ताक सांगितलं, मुळा सांगितला, हळद-तेल बंद केल्याचं सांगितलं.

"पोटभर?"

"नाय ओ. पोटभर कसा? पथ्य हाय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"ह्या खेपेला पंधरा झाले. एरवी आठ-धा दिवस."

"आणि पिवळी कधी होते? उपवास केला की?"

आयने माझ्याकडे पाहिलं, मी आयकडे. पौर्णिमा, परीक्षा, ताप, सगळं एका ओळीत उभं राहिलं. बाईंनी समजावलं ते असं. रक्त जुनं झालं की त्यातून हा पिवळा पदार्थ निघतो आणि यकृत तो बाहेर काढतं. काही माणसांचं यकृत हे एक काम जन्मापासूनच जरा सावकाश करतं. बाकी सगळं उत्तम. त्याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात, त्यापासून धोका नाही, ते कोणाला लागत नाही आणि त्याला औषधही लागत नाही. फक्त उपाशी राहिलं, ताप आला, फार दमलं की पिवळेपणा वाढतो.

"म्हंजे," आय सावकाश म्हणाली, "मीच पिवळी करीत होते तिला."

बाई हसल्या. "तुम्ही काळजीपोटी केलंत. आता आठ दिवस तिला पोटभर जेवू घाला. तेल, हळद, मासे, सगळं. मग परत रक्त बघू."

आयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रडणं की एवढ्या वर्षांच्या मुळ्याचा राग, हे मला सांगता यायचं नाही. वातावरण हलकं करावं म्हणून की काय, बाईंनी सहज विचारलं, "हे बहुधा घरात असतं. आणखी कोणाला आहे?"

"नाही," बाबा म्हणाले. फार लवकर म्हणाले.

बाईंनी वहीवरून मान वर केली. "गुरुजी, जरा खिडकीपाशी या."

बाबांचे डोळे नेहमीच थोडे मळकट दिसायचे. आम्ही समजायचो, वाचनाने आणि चुलीच्या धुराने. डोंगरावर ते एकटे राहायचे, हाताने रांधायचे, कंटाळा आला की चहा-पावावर दिवस काढायचे. बाईंनी त्यांची पापणी ओढली, आयसारखीच, आणि सुई काढली. संध्याकाळपर्यंत थांबलो, तेव्हा कागद आला आणि त्यांचा आकडा माझ्याहून मोठा निघाला.

तो कागद बाबांनी वाचला आणि टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे किंवा आयकडे न बघता बाईंना म्हणाले, "बाई, हे मला माहीत होतं. म्हणजे, नाव माहीत नव्हतं. मी अठरा वर्षांचा असताना पलटणीच्या भरतीला गेलो होतो. दोन दिवस चालत, खायला जवळ काही नाही. छाती भरली, धावलो, पहिला आलो. शेवटी डॉक्टरने डोळे बघितले आणि पाठीवर खडूने फुली मारली. पीलिया."

"मला सांगितलात अर्धा इंच उंची कमी पडली," आय म्हणाली.

"सगळ्यांना तेच सांगितलं."

"एवढी वरसां?"

"लग्नाआधी खरं सांगितलं असतं, तर तुझ्या बापाने मुलगी दिली असती?"

आयने जरा विचार केला. "नसती दिली," ती म्हणाली.

मला तेव्हा कळलं की त्या मंगळवारी गाडीत बाबा खिडकीबाहेर का बघत होते.

पुढचे आठ दिवस आयने जे रांधलं, त्याचं वर्णन करायला घेतलं तर हे प्रकरण संपायचं नाही. कोळंबीचं कालवण इतकं पिवळं की त्यात बोट बुडवून भिंतीवर लिहावं. सकाळी भाकरीवर तेलाची चटणी, दुपारी बिरडं, संध्याकाळी चिंबोरी, आणि मी "पुरे" म्हटलं की, "डॉक्टरनीनं सांगितलाय." दारातले मुळे काशीकाकूंच्या म्हशीने खाल्ले. आठव्या दिवशी माझा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला आणि डोळे आरशात मलाच ओळखू येईनात.

मधल्या शनिवारी बाबांनी एक काम केलं, जे फक्त तेच करू शकत होते. सत्य लपवायचं नाही म्हणून ते स्वतः धाकूदादांच्या ओटीवर गेले आणि भरल्या रांगेसमोर म्हणाले, "माझ्या रक्तात खरोखरच पिवळेपणा निघाला, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण परातीतलं पाणी पिवळं झालं ते त्यामुळे नव्हे." रांगेने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्याच्या वेळी सगळे एकमेकांशी बोलू लागले. धाकूदादांनी त्यांना चहा पाजला. त्यानंतर पंचक्रोशीत असं झालं की मुंबईत शिकलेल्या डॉक्टरणीला सुई टोचून जे कळतं, ते धाकूला हात धुऊन कळतं. बाबा निवृत्त होईपर्यंत ही कीर्ती पुसू शकले नाहीत.

मुदतीला दोन दिवस राहिले असताना आम्ही सामंतबाईंची चिठ्ठी आणि दोघांचे कागद घेऊन दाखला देणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, मला उजेडात नेऊन पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा टोपण लागणार.

"पुढच्या वर्षी परत पिवळे झाले तर?" त्यांनी विचारलं.

या वेळी बाबा बोलले. "होतील. उपाशी राहिली तर होतील. माझेही होतात. मी बावीस वर्षं डोंगरावर शाळा चालवतोय, दर आठवड्याला तो डोंगर चढतो आणि उतरतो. माझा कागद तिच्या कागदाखाली आहे, माझा आकडा मोठा आहे. या डोळ्यांवर मला एकदा परत पाठवलेलं आहे. तिला पाठवू नका."

डॉक्टरांनी खालचा कागद काढून पाहिला. मग जरा मऊ होऊन विचारलं, "बावीस वर्षांत तुम्हाला याचा काही त्रास झाला?"

"त्यांना नाय," आय दारातून म्हणाली. "धाकूला फायदा झाला."

डॉक्टरांना धाकू कोण हे माहीत नव्हतं, पण त्यांनी सही केली. शिक्का उठवला, फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात दिला.

तो बाबांनी गाडीत माझ्याकडून मागून घेतला आणि चष्मा पुसून वाचला. घरी आल्यावर म्हणाले, "मूळ दाखला कॉलेजात जाईल. आपल्याकडे एक नक्कल असू दे." त्या वेळी नक्कल हाताने लिहून काढायची आणि खाली 'खरी नक्कल' म्हणून सही करायची रीत होती. ते पाटावर बसले, माझं नाव घातलं, वय घातलं, उंची, वजन, सगळं वळणदार अक्षरात उतरवलं. ती नक्कल त्यांच्या सेवापुस्तकाच्या फायलीत होती, त्यांच्यामागे माझ्याकडे आली. 'तपासणीअंती कोणताही दोष आढळला नाही' असं तिच्यात लिहिलेलं आहे आणि त्याखाली ठळक दोन रेघा मारलेल्या आहेत. मूळ दाखल्यात त्या रेघा नव्हत्या.